पोवळ्याच्या घरातलं कूळ

पोवळं म्हटलं की मंगळाच्या अंगठीतला लाल खडा डोळ्यांपुढे येतो. तो खडा बहुधा भूमध्य समुद्रातून आलेला असतो. तो ज्या जिवाचा सांगाडा, तो जीव अंधाऱ्या कपारीत राहतो आणि प्रवाहाबरोबर येईल ते खाऊन जगतो. रत्नागिरीच्या खडपावर जे पोवळं आहे ते निराळं. ते तपकिरी, हिरवट, कधी मातकट पिवळं असतं आणि येणारे-जाणारे दगड समजून त्यावर पाय ठेवतात. हा रंग बराचसा त्याचा स्वतःचा नव्हेच. त्याच्या पेशींच्या आत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा तो रंग. समुद्र तापला, गढुळला, पावसाने गोडा झाला, तर पोवळं तगणार की नाही, हे या शैवालावर कितपत ठरतं? गेल्या काही दशकांत या प्रश्नाची उत्तरं दोनतीनदा बदलली आहेत. ती कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहण्याजोगी आहेत.

आधी एक शंका फेडायला हवी, कारण ती रत्नागिरीतही ऐकू येते: आपल्याकडे पोवळी आहेत तरी का? आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी १९७९ मध्येच पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली. रत्नागिरी, मालवण आणि रेडी ही नावं त्यात होती. लक्षद्वीपसारखी कंकणाकृती बेटं इथे नाहीत. कातळाला चिकटलेले तुटक तुटक गठ्ठे आहेत, ताटाएवढे, कुठे परातीएवढे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती ते सर्वांत दाट. १९८७ मध्ये तिथलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आणि विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून थोडं पुढे, उघड्या समुद्रात, आंग्र्यांचं नाव मिळालेली आंग्रिया बँक आहे. वीसेक मीटर पाण्याखालचं ते पठार. तिथलं पाणी स्वच्छ आणि पोवळी समृद्ध.

किनाऱ्यावरच्या पोवळ्यांचं आयुष्य मात्र खडतर आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी तीस अंशांच्या वर जातं. जूनमध्ये पाऊस लागला की वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी या जिल्ह्यावर कोसळतं, नद्या लाल माती घेऊन उतरतात, किनाऱ्यालगतचं पाणी गोडसर होतं आणि उजेड खाली पोचत नाही. पावसाळा सरता सरता खोलवरचं प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर येतं. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी लागते, दुपारी नाही. दुपारी येते ती अष्टमीच्या सुमाराची, भांगाची ओहोटी, आणि तिला पाणी फारसं उतरत नाही. त्यामुळे सर्वांत खालचे कातळ भर उन्हात कोरडे पडत नाहीत. मेच्या तापलेल्या पाण्यावर उतारा म्हणून ढग आणि वारा घेऊन मोसमी पाऊस येतो, हेही या किनाऱ्याचं नशीब. तो आठवडाभर जरी लांबला तरी पोवळ्यासाठी तो आठवडा फार मोठा असतो.

आता पोवळ्याचा प्राणी आणि शैवाल यांच्यातल्या कराराकडे. दगडफूल आपल्या मसाल्याच्या डब्यात असतं. ती बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वस्ती आहे, दोघांपैकी एकाचं नाव तिला पुरत नाही. पोवळ्याचंही तसंच, पण कोकणी वाचकाला याहून जवळचा दाखला खोत आणि कुळाचा. प्रवाळाचा प्राणी जागा देतो, संरक्षण देतो, श्वासातला कार्बन डायऑक्साइड देतो आणि आपल्या उत्सर्गातला नायट्रोजन खत म्हणून देतो. शैवाल उन्हावर साखर पिकवतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. खोतीच्या अर्धेलीत निम्मं भात जायचं. इथे चांगल्या उजेडात पिकलेल्या अन्नाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा प्राण्याकडे जातो, असं मोजलं गेलं आहे. एका चौरस सेंटिमीटरवर दहा लाखांच्या घरात शैवालपेशी राबत असतात. चुन्याचा सांगाडा चढवण्याचं खर्चिक काम या उत्पन्नावरच चालतं.

या दाखल्यातली एक बारीक गोष्ट पुढे फार कामाला येणार आहे. खोत खत मोजून देतो. प्राणी शैवालाला नायट्रोजनची कायम ओढ लावून ठेवतो. नायट्रोजन कमी असला की शैवालाला नव्या पेशी बांधता येत नाहीत, मग पिकवलेली साखर त्याला स्वतःपाशी ठेवून उपयोग नसतो आणि ती बाहेर झिरपते. म्हणजे हे सहजीवन प्रेमावर उभं नसून तंगीवर उभं आहे. खत सैल झालं की करार सैल होतो.

या शैवालाची ओळख पटायलाही बराच काळ गेला. १८८१ मध्ये कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या अंगातल्या या पिवळ्या पेशींना झूझँथेला हे नाव दिलं. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर तळ ठोकलेल्या मोहिमेत, त्रास दिल्यावर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं, हे नीट पाहिलं गेलं. पण जगभरची सारी पोवळी एकाच जातीचं शैवाल सांभाळतात, असाच समज पुढेही बराच काळ राहिला. १९९०च्या सुमारास जनुकीय तपासणी सुरू झाली तेव्हा तो मोडला. आधी अ, ब, क, ड अशा शाखा पाडल्या गेल्या. २०१८ मध्ये टॉड लाजुनेस आणि सहकाऱ्यांनी त्यांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा दिला. क शाखेचं नाव क्लाडोकोपियम आणि ड शाखेचं ड्युरुसडिनियम झालं. आपल्या विषयातलं बहुतेक नाट्य या दोघांमध्ये घडतं.

पोवळं पांढरं पडतं म्हणजे काय होतं, याचं रूढ स्पष्टीकरण असं. पाणी नेहमीच्या कमाल तापमानाहून अंशभर वर गेलं आणि काही आठवडे तिथेच राहिलं की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. ऊन तर येतच असतं. त्याची ऊर्जा साखरेत न जाता प्राणवायूची घातक, पेशी जाळणारी रूपं तयार करते. ती घरभर पसरतात आणि प्राणी शैवालाला हाकलतो, किंवा शैवाल त्याच्या पेशींतच मरतं. आतला पांढरा चुना पातळ कातडीतून दिसू लागतो. या क्षणी पोवळं मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल पुन्हा भरतं. निवलं नाही तर काही आठवड्यांत भूक त्याला संपवते.

हे चित्र खरं आहे, पण अर्धं. २०२१ मध्ये निल्स रेडेकर आणि सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रातल्या प्रवाळावर केलेलं काम मला या विषयातलं सर्वांत डोळे उघडणारं वाटतं. पांढरं पडणं दिसायच्या बरंच आधी करार मोडलेला असतो, हे त्यांनी दाखवलं. उष्णतेत प्राण्याचा खर्च वाढतो. तो भागवायला तो स्वतःची अमिनो आम्लं जाळू लागतो आणि त्यातून अमोनियम सुटतं. अमोनियम म्हणजे शैवालाला आयतं खत. कूळ मग आपल्याच वाढीला लागतं, साखर स्वतःपाशी ठेवतं, आणि वाटा मिळेनासा झालेला मालक आणखी अमिनो आम्लं जाळतो. बाहेरून पोवळं अजून छान तपकिरी दिसत असतं आणि आत उपासमार सुरू झालेली असते.

आता मुख्य वाद: कुठलं शैवाल? १९९३ मध्ये रॉबर्ट बुडेमायर आणि डॅफ्नी फॉटिन यांनी एक धाडसी कल्पना मांडली. पांढरं पडणं हा केवळ आजार नसेल, जुनं कूळ काढून नव्या परिस्थितीला योग्य कूळ बसवण्याची ती संधीही असेल. त्यावर बरीच वर्षं भांडण झालं. २००६ मध्ये रे बर्कलमन्स आणि मॅडलीन व्हॅन ऑपन यांनी ऑस्ट्रेलियात अॅक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळाचे गठ्ठे थंड पाण्यातून उष्ण पाण्यात नेऊन लावले. ते पांढरे पडले, आणि सावरताना त्यांच्यात क ऐवजी ड शाखेचं शैवाल प्रबळ झालं होतं. अशा गठ्ठ्यांची उष्णता सोसण्याची ताकद एक ते दीड अंशाने वाढली होती. समुद्रात दीड अंश म्हणजे जगणं आणि मरणं यांतलं अंतर. पण त्याची किंमत आधीच माहीत झाली होती. याच जातीच्या पिलांवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात क शैवाल असलेली पिलं ड वाल्यांपेक्षा दोन ते तीन पट वेगाने वाढलेली दिसली. ड्युरुसडिनियम उन्हात पळ काढत नाही, पण वाटा कमी देतं. जिथे वादळ, गाळ आणि शेजारच्या वनस्पती यांच्याशी जागेची झटापट चालते, तिथे मंद वाढ हाही मृत्यूचाच एक रस्ता आहे.

अरबी समुद्राच्या शेजारीच, पर्शियन आखातात, याहून जबर उदाहरण आहे. तिथे उन्हाळ्यात पाणी पस्तीस अंशांच्या आसपास जातं, तरी पोवळी राहतात. २०१५ मध्ये त्यांच्यातलं शैवाल नवी जात म्हणून ओळखलं गेलं, आज तिला क्लाडोकोपियम थर्मोफिलम म्हणतात. म्हणजे क शाखेतही उन्हाला पुरून उरणारी जात आहे. शाखेच्या अक्षरावरून स्वभाव ठरवणं चुकीचं, हा त्यातला पहिला धडा. दुसरा धडा कोकणाला थेट लागू पडतो. आखाताचं पाणी कमालीचं खारट असतं. तिथली पोवळी साध्या खारटपणाच्या पाण्यात ठेवली तेव्हा त्यांची उष्णता सोसण्याची ताकद घटली. तिथलं शैवाल आणून मालवणात सोडलं की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आषाढातलं कर्ली खाडीचं मुख डोळ्यांपुढे आणावं. आणि इतकं पक्कं शैवाल असूनही २०१७च्या उन्हाळ्यात आखाताच्या दक्षिण भागातली सुमारे दोन तृतीयांश पोवळी गेली. सहनशक्तीला छप्पर असतं.

कूळ बदलणं सगळ्यांना जमतंही नाही. मालवणच्या कातळांवर आढळणाऱ्या पोराइटिस या प्रवाळाचं उदाहरण घ्या. बहुतेक ठिकाणी हा प्रकार एकाच ठरावीक शैवालाशी इमान राखतो, आणि त्याच्या अनेक जाती ते अंड्यातूनच पुढच्या पिढीला देतात. बाहेरून नवं कूळ सहसा येत नाही. तरीही पोराइटिस हा सर्वांत चिवट प्रवाळांपैकी एक आहे. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरच्या २०१२च्या अभ्यासात तर उलटच दिसलं: ज्यांची शैवालं वारंवार बदलतात ती पोवळी नाजूक, ज्यांचा संसार एकाशीच ती टणक. लवचिकपणा म्हणजे ताकद, हे सोपं समीकरण इथे टिकत नाही.

मग पोराइटिसची ताकद कुठून येते? जाड मांसल थरातून, सावकाश वाढण्यातून, आणि खाण्यातूनही. प्रवाळाचं पॉलिप हे तोंड आणि शुंडके असलेलं प्राण्याचं शरीर आहे, हे आपण शैवालाच्या कौतुकात विसरतो. हवाईतल्या मॉन्टिपोरा कॅपिटाटा या जातीने पांढरं पडल्यावर प्लवक खाण्याचं प्रमाण पाच पटींच्या वर नेलं आणि शैवालाविनाही दिवसाची गरज भागवली, असं आंद्रेआ ग्रोटोली यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. गढूळ, अन्नकणांनी भरलेल्या पाण्यात राहणाऱ्या पोवळ्यांना हा हात जास्त मोकळा असतो. शिवाय गाळ दुपारच्या उन्हाची धार बोथट करतो, आणि शैवालाला जाळणारं मिश्रण उष्णता अधिक ऊन हे आहे. म्हणून कोकणचं गढूळ पाणी हा शापच, असं मला वाटत नाही. टर्बिनेरिया, पोराइटिस, गोनिअॅस्ट्रिया, सुडोसिडरअॅस्ट्रिया अशी इथली यादी पाहा: फांद्याफांद्यांची नाजूक अॅक्रोपोरा इथे भाव खाऊन जात नाही, इथे राज्य आहे ते पसरट आणि घुमटाकार सोशिक जातींचं. दर पावसाळा इथे परीक्षा घेतो आणि नापासांना ठेवत नाही.

पण सोशिक म्हणजे अमर नव्हे. मालवणच्या अभयारण्यात गेल्या दशकात प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केल्या. तिथल्याच टर्बिनेरिया मेझेंटेरिनावर सांगाड्याच्या विकृत वाढीच्या गाठीही त्यांना सापडल्या. गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळचं त्यांचं काम आपल्या प्रश्नाला विलक्षण कोनातून भिडतं. तिथे पोवळ्याला पोखरणारा क्लिओना थोमासी हा स्पंज आहे. या स्पंजाच्या अंगातही सहजीवी शैवाल राहतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टर्बिनेरिया आणि हा स्पंज यांची शैवालं तपासली, तर दोघांची वेगवेगळी निघाली. पाणी तेच, उन्हाळा तोच. प्रवाळ पांढरा पडून अशक्त होतो आणि निराळ्या शैवालाच्या जोरावर उभा असलेला स्पंज त्याच्या सांगाड्यात शिरत राहतो. शैवालामुळे पोवळं किती सोसेल, हे विचारताना त्याच्या शत्रूकडे कुठलं शैवाल आहे हेही विचारावं लागतं, हे मला या अभ्यासाने शिकवलं.

आता त्या खताकडे परत येऊ, कारण माझ्या मते सगळ्या धाग्यांची गाठ तिथे आहे. प्रशांत महासागरातल्या किरिटिमाटी बेटाला २०१५-१६च्या एल निन्योने जवळजवळ दहा महिने तापवलं. डॅनिएल क्लार आणि ज्युलिया बॉम यांच्या गटाने खुणा केलेल्या गठ्ठ्यांकडे त्या काळात पुन्हापुन्हा जाऊन पाहिलं. काही पोवळी पांढरी पडली, आणि पाणी अजून तापलेलंच असताना सावरली. त्यांच्यात उष्णता सोसणाऱ्या ड्युरुसडिनियमने क्लाडोकोपियमची जागा घेतली होती. अशी सावरणारी पोवळी वस्तीपासून दूर, माणसाचा उपद्रव नसलेल्या पाण्यातली होती. शैवालाची अदलाबदल हा मार्ग खरा, पण तो स्वच्छ पाण्यातच उघडा राहिला.

योर्ग वीडेनमन यांच्या गटाने २०१३ मध्ये याच्या मुळाशी असलेली रसायनशास्त्राची बाजू दाखवली होती. पाण्यात नायट्रेट वाढलं आणि त्या मानाने फॉस्फेट कमी पडलं की शैवाल भराभर वाढतं, पण त्याची पटलं कमकुवत बनतात आणि ते उष्णता-उजेडापुढे लवकर हार मानतं. सांडपाणी आणि शेतीतून वाहून येणारं खत नेमकं हे करतं. जे अमोनियम तापलेला प्राणी आतून सोडतो, तेच काम आपण बाहेरून, बारा महिने, थंड पाण्यातही करत असतो. मोजून द्यायचं खत मालकाच्या हातात राहतच नाही.

म्हणून प्रयोगशाळेतल्या उपायांकडे मी आदराने पण थोड्या अंतरावरून पाहतो. ऑस्ट्रेलियात क्लाडोकोपियमचे दहा वाण चार वर्षं एकतीस अंशांत वाढवले गेले. त्यांतल्या तिघांनी प्रवाळाच्या पिलांनाही उष्णतेत तगवलं, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. हे थोर काम आहे. पण दहांतल्या सात वाणांनी सोसण्याची ताकद स्वतःपुरती ठेवली, हेही त्याच निकालात आहे. मुंबईत सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीहून अठरा गठ्ठे हलवले गेले. मालवणात प्रवाळांचे तुकडे चौकटींवर लावून वाढवण्याचे प्रयत्न झाले आहेत, त्यांतून सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी कोकणातल्या तरुण पाणबुड्यांची एक फळी उभी करू शकले. तिचं मोल मी रोपणाच्या आकड्यांपेक्षा जास्त धरतो. जिथे होड्यांचे नांगर कातळावर पडतात, जिथे स्नॉर्केलिंगला आलेला पाहुणा दमला की गठ्ठ्यावर उभा राहतो, तिथे दर फेरीला हजर असणारा माणूस हाच पोवळ्याचा खरा राखणदार.

२०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सागरी संस्थेने जगातली चौथी मोठी विरंजनाची, म्हणजे पोवळी पांढरी पडण्याची, लाट जाहीर केली, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची पोवळीही पांढरी पडली. तिथल्या तिन्ही आधीच्या लाटा, १९९८, २०१० आणि २०१६च्या, पाहिलेल्या अभ्यासकांचा अनुभव असा की दोन तडाख्यांमधलं अंतर कमी होत चाललं आहे. शैवाल बदलून मिळणारा अंश-दीड अंश ही उसनी मुदत आहे. ती वापरून समुद्राचं तापणं थांबवणं रत्नागिरीच्या हातात नाही. खाडीत काय सोडायचं, सड्यावरची माती किती मोकळी करायची, मिरकरवाड्याच्या बंदराचं पाणी कुठे जायचं, हे मात्र आहे.

आणि पाहणंही आपल्या हातात आहे. भारतातली सारी दगडी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. तुकडा तोडणं तर सोडाच, शैवाल तपासायला टाचणीच्या डोक्याएवढा नमुना घ्यायचा तरी वनखात्याची परवानगी लागते. ते काम संशोधकांचं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र रत्नागिरीतच आहेत. बाकीच्यांसाठी क्वीन्सलंड विद्यापीठाने २००२ मध्ये काढलेलं साधं रंगपत्रक आहे. फिकट ते गडद अशा सहा छटा, गठ्ठ्याजवळ धरायच्या, जुळणारा आकडा लिहायचा. छटा दोनने उतरली की आतलं शैवाल उतरलं. ज्यांना पोवळं ओळखता येत नाही त्यांनी खडपावर बटणांसारखे दाटीने चिकटलेले हिरवे-तपकिरी झोअँथिड घ्यावेत. ते प्रवाळांचे भाऊबंद, आणि त्यांच्याही अंगात हेच शैवाल आहे. वैशाखातली अमावास्या, पहाटेची ओहोटी, हातात पत्रक आणि तापमापी. तोच कातळ, तोच गठ्ठा. मग पाऊस ओसरल्यावर, शरदाच्या पौर्णिमेला, पुन्हा तिथेच.